असू दे, वहिनी

त्या वर्कशॉपमध्ये नव्या माणसाला निळी डांगरी पहिल्या दिवशी मिळे, लाल कुलूपही पहिल्याच दिवशी मिळे, आणि फोरमनचा ओरडा फार तर आठवड्याभरात. डांगरी काय, कुणाच्याही अंगाला येते. ओरडा बसला की मग माणूस मेकॅनिकांत धरला जाई. डबा खाताना जुनी मंडळी आपापला पहिला ओरडा इतक्या कौतुकानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, लग्नाची गोष्ट चाललीय. लंबू नावाच्या मेकॅनिकनं एकदा डोझरच्या इंजिनात तेल भरलं, पण खालचं बूच लावायचं राहिलं. वरून ओतलेलं तेल खालून निघून गेलं. त्यावर फोरमन जे बोलला ते लंबूला अजून तोंडपाठ होतं, आणि फार आग्रह केला तर तो ते चालीवर म्हणूनही दाखवी.

वहिनींना येऊन महिने लोटले, पण त्यांच्या वाट्याला एक वावगा शब्द आला नव्हता. कारण उघड होतं. फोरमन त्यांचा सख्खा धाकटा दीर होता.

वहिनी चाळिशी ओलांडलेल्या. आधी त्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला, मुलगी कॉलेजसाठी वसतिगृहात गेली, आणि नवरा म्हणाला, "आता आराम कर." वहिनींनी मनापासून आराम केला. घरातली प्रत्येक वस्तू पुसून झाली, मग पुसलेल्या वस्तू पुन्हा पुसून झाल्या. अशात एक दिवस तांत्रिक शाळेच्या कुंपणापलीकडे त्यांना एक बुलडोझर दिसला. त्याचं पोट उघडं होतं आणि चार पोरं आत डोकी घालून उभी होती. वहिनी बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही येऊन बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी शिकवणारे मास्तर कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "बाई, फुकट बघायचं एवढंच. पुढचं बघायचं तर नाव घाला."

वहिनींनी नाव घातलं. डिझेल इंजिन आणि अवजड यंत्रं दुरुस्तीचा कोर्स, दीड वर्षाचा. नवरा म्हणाला, "अगं, हात काळे होतील." वहिनी म्हणाल्या, "भांडी घासून काय गोरे होत होते?" सासूबाईंना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे.

वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणत आणि पुढचं बाक त्यांच्यासाठी सोडत. मास्तर मात्र कुणाला काही सोडत नसत. एकदा वहिनी इंजिनाच्या हवेच्या नळीत हात पुसायचं फडकं विसरल्या. इंजिन घरघरलं आणि काळा धूर ओकायला लागलं. मास्तरांनी फडकं दोन बोटांत धरून वर्गभर मिरवलं. "मावशी, इंजिनाला सर्दी झाली नव्हती. रुमाल कशाला दिलात?" पोरं पोट धरून हसली. वहिनींचे कान तापले. पण त्यानंतर जन्मात त्या फडकं विसरल्या नाहीत. काम संपलं की आधी फडकी मोजत, मग बोटं. शिकणं म्हणतात ते हेच, असं त्यांचं तेव्हापासून ठाम मत झालं.

कोर्सचे शेवटचे सहा महिने खऱ्या वर्कशॉपमध्ये काढायचे होते. शेवटी मास्तर येऊन तिथल्या फोरमनला एकच प्रश्न विचारत: याला एकट्याला मशीन देता येईल का? हो म्हणाला तर पास. नाही म्हणाला किंवा नुसतं आं ऊं केलं तर नापास. जवळपास असं वर्कशॉप एकच होतं, आणि तिथे धाकट्या दिराचं राज्य. घरचाच माणूस मिळाला, नशीब काढलं, असं वहिनींना वाटलं. माणसाचं नशीब काय लायकीचं असतं ते असं जवळ गेल्यावर कळतं.

पहिल्या दिवशी त्या गेल्या तर फोरमननं आपली खुर्ची फडक्यानं पुसून त्यांना दिली. चहा आधी त्यांना. मशीनखाली जायची वेळ आली की, "असू दे, वहिनी, लंबू जाईल." जड काही उचलायचं असलं की, "असू दे, वहिनी." मग कामाला काय उरलं? नट-बोल्ट मापाप्रमाणे लावणं. वहिनींनी सगळं भांडार लावलं. इतकं नीट लावलं की आठवडाभर कुणाला काही सापडेना.

फोरमन वहिनी म्हणतो म्हटल्यावर सगळे वहिनी म्हणायला लागले. वहिनींसमोर शिवी कशी द्यायची, म्हणून शिव्याही बंद झाल्या. त्याचा कामावर परिणाम झाला. गंजलेला बोल्ट शिवीशिवाय सुटत नाही, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही, पण खरं आहे. लंबू एका बोल्टाशी तासभर झगडे, मग निमूटपणे उठून शेडच्या मागे जाई, तिथे जे बोलायचं ते भिंतीला बोलून येई, आणि परत येऊन पान्याला हात घाली. बोल्ट सुटे. वहिनींना हे दिसत होतं आणि आपल्यामुळे सगळ्यांची कुचंबणा होतेय म्हणून वाईटही वाटत होतं.

एकदा त्यांना तेलाचा फिल्टर बसवायला मिळाला. बसवण्याआधी त्याच्या रबरी कड्याला तेलाचं बोट लावायचं असतं. वहिनी विसरल्या. इंजिन सुरू झालं आणि तेलाची धार लागली. सगळ्यांनी काम थांबवलं. लंबू तर ऐकायला अगदी पुढे सरकला. फोरमनचा चेहरा लाल झाला, मान फुगली, तोंड उघडलं. मग त्यानं वहिनींकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि म्हणाला, "असू दे, वहिनी." गुडघ्यावर बसून फिल्टर त्यानं स्वतःच पुन्हा बसवला.

"माझं चुकलं काय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. होतं असं कधी कधी."

काय चुकलं ते त्यांना लंबूकडून कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी घरी जाताना वहिनींना रडू आलं. त्यांनी ते सरळ येऊ दिलं.

फोरमनचंही काही खोटं नव्हतं. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो नुकता एका कारखान्यात उमेदवारीला लागला होता. इंजिनाच्या पंख्याशी त्याचा उजवा हात आत असताना पलीकडून कुणीतरी, आत माणूस आहे हे न बघता, चावी फिरवली. पहिल्या बोटाचं अर्धं पेर तिथेच राहिलं. हाताचं बँडेज सुटेपर्यंत नव्या वहिनीनं त्याला घास भरवले. तो लाजून मान फिरवायचा, ही दुसऱ्या बाजूनं घास पुढे करायची. ज्या बाईच्या हातचे घास खाल्ले तिला आता काय म्हणून ओरडायचं? त्यातून सासूबाईंनी त्याला बजावलं होतं, "हिच्या केसाला धक्का लागला तर माझ्याशी गाठ आहे."

त्या बोटामुळेच तर वर्कशॉपमध्ये लाल कुलूप आलं होतं. मशीनला हात लावायचा तर आधी बॅटरीच्या मुख्य स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि वर आपल्या नावाची चिठ्ठी टांगायची. किल्ली एकच, ती आपल्या खिशात. दुसरी किल्ली जगात नाही. कुलूप आहे म्हणजे आत माणूस आहे, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. किल्ली हरवली तर माणूस स्वतः येऊन समोर उभा राहील, मगच कुलूप कापायचं. मालकानंही त्याला हात लावायचा नाही. वहिनींच्या चिठ्ठीवर लंबूनं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं: वहिनी.

महिना उरला तेव्हा मास्तर पाहणीला आले.

"कशा आहेत आमच्या बाई?"

"फार चांगल्या आहेत," फोरमन म्हणाला. "स्वभाव तर विचारू नका. सगळ्यांचं करतात."

"मी सून बघायला आलो नाही," मास्तर म्हणाले. "मेकॅनिक कशी आहे?"

फोरमन खाली बघायला लागला. जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

मास्तर वहिनींना बाजूला घेऊन म्हणाले, "चार आठवड्यांनी, सोमवारी मी परत येतो. हा असाच गप्प राहिला तर मी तुम्हाला पास करू शकत नाही. नाइलाज आहे."

त्या संध्याकाळी वहिनींनी दिराला फाटकापाशी गाठलं. "भाऊजी, मला बाकीच्यांसारखं वागवा. चुकले तर बोला."

"वहिनी, जीभ रेटत नाही हो."

"लंबूला बोलताना बरी रेटते."

"लंबूनं मला घास भरवले नाहीत," फोरमन म्हणाला, आणि स्कूटर सुरू करून निघून गेला. आपणच भरवलेला घास असा आपल्याच घशात अडकेल, हे त्यांना लग्नाच्या वयात कुठून कळणार?

मास्तर यायच्या आधीच्या शनिवारी फोरमन सुटे भाग आणायला बाहेर गेला होता. तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा एक लोडर आला. ड्रायव्हरनं टाकी कोरडी होईपर्यंत चालवला होता. डिझेल संपलं की नळ्यांत हवा शिरते, आणि मग नुसतं डिझेल ओतून इंजिन ढिम्म हलत नाही. हवा काढावी लागते, फिल्टर बदलावे लागतात. रविवारी तो परत कामावर हवा होता. लंबूनं एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे पाहिलं. "करता?"

वहिनींनी आधी कुलूप घातलं. फिल्टर बदलले, कड्यांना तेलाचं बोट दोनदा लावलं. हातपंप मारत राहिल्या. नळीच्या तोंडातून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. त्यांनी नट आवळला, कुलूप काढलं, चावी फिरवली. लोडर खोकला, थरथरला आणि लागला. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी लंबूला चहा करून दिला.

मग त्यांना शंका आली. एखादा नट झिरपत तर नसेल? त्यांनी इंजिन बंद केलं, नियमाप्रमाणे पुन्हा कुलूप घातलं, एकेक जोड कोरड्या फडक्यानं पुसून पाहिला. कुठे थेंब नव्हता. त्यांनी फडकी मोजली, बोटं मोजली, झाकण लावलं, हात धुतले आणि हवेत तरंगत घरी गेल्या. कुलूप मोजायला मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

आणि त्या कुलपाची किल्ली त्यांनी कुठे ठेवावी? बाईमाणूस. इतकी वर्षं किल्ली म्हटलं की एकच जागा ठाऊक. ती घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती.

रविवारी सकाळी नवरा मुलीला भेटायला वसतिगृहावर गेला. जाताना सवयीनं जुडगा घेऊन गेला.

दुपारी धाकटा दीर आणि जाऊ सासूबाईंकडे जेवायला आले होते. ताटं वाढून झाली होती, पहिला घास घेतला, आणि फोरमनचा फोन वाजला. वर्कशॉपचा वॉचमन होता. लोडर न्यायला ट्रेलर येऊन उभा होता. लोडर लागत नव्हता. बॅटरीवर कुलूप होतं.

"सुट्टीच्या दिवशी कुलूप?" फोरमन जागच्या जागी तापला. "आत कोणी आहे? नाही? मग कुणी घातलं? कुठल्या गाढवाची अक्कल चरायला गेली होती? डोक्यात मेंदू आहे की नुसतं ग्रीस भरलंय त्याच्या? आणि तो ट्रेलरवाला काय करतोय? पहार घेतली? त्याला सांग, कुलपाला हात लावलास तर तीच पहार... नाव वाच. चिठ्ठीवर नाव काय आहे?"

वॉचमननं नाव वाचलं.

फोरमननं फोन खाली ठेवला. सासूबाई, जाऊ, सगळ्या बघत होत्या. वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. किल्ली कुठे आहे ते त्यांना एका क्षणात आठवलं, आणि जुडगा कुठे गेलाय तेही.

"किल्ली घरच्या जुडग्यात होती, ती ह्यांच्याबरोबर गेली," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून राहिलं."

फोरमन ताटाकडे बघत होता. मान फुगली, उतरली. "असू..." तो म्हणाला.

"असू दे म्हणालात तर मी उद्यापासून येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्या मास्तर येतायत. मला नापास करायचं तर करा, पण चुकले म्हणून करा. वहिनी आहे म्हणून नको. इथे लंबू बसला असता तर त्याला काय म्हणाला असतात?"

"वहिनी, आई बसलीय."

"बसू देत."

फोरमन उठून उभा राहिला. डावा हात त्यानं पाठीमागे घेतला, आणि खरकटा उजवा वर केला. बोटाचं अर्धं पेर नसलेला तो हात सगळ्यांना पाठ होता.

"हे बघितलंयत ना? सगळ्यांत आधी तुम्ही बघितलंत. कुलूप म्हणजे आत माणूस आहे. एवढ्या एका गोष्टीवर माझ्या पोरांचे हात शाबूत आहेत. आणि तुम्ही ते रिकामं लटकवून घरी आलात, ताटं वाढायला! आज ट्रेलरवाल्यानं पहार उचलली. रिकामंच असतं म्हणाला, तोडू या. उद्या दुसऱ्या कुलपाला हेच म्हणेल. आत लंबूचा हात असेल. मग कुणाकुणाला घास भरवत बसणार आहात? आणि किल्ली कुठे, तर घरच्या जुडग्यात. ती काय पापडाच्या डब्याची किल्ली आहे? अक्कल गहाण ठेवून आल्या होतात का? गाढव आहात. शुद्ध गाढव आहात तुम्ही."

गाढव म्हणतानाही त्यानं अहोजाहो सोडलं नाही. इतक्या मानानं त्या वर्कशॉपमध्ये आजवर कुणाला गाढव म्हटलं गेलं नव्हतं.

सासूबाईंनी घास ताटात ठेवला. "माझ्या सुनेला असं बोलतोस? लाज वाटत नाही तुला? अरे, तिनं तुला..."

"सासूबाई, तुम्ही मध्ये पडू नका," वहिनी म्हणाल्या. "कामाचं चाललंय."

सासूबाईंना इतक्या वर्षांत सुनेनं पहिल्यांदाच गप्प केलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा घास उचलला.

वहिनींचे डोळे भरले होते आणि कान तापले होते, अगदी फडक्याच्या दिवशी तापले होते तसे. कुलूप यापुढे जन्मात विसरणार नाही, हे त्यांना आतून कळलं. त्यांनी डाव ठेवला, हात धुतले आणि डांगरी अडकवली. दोघं स्कूटरवरून वर्कशॉपवर गेले.

ट्रेलरवाला पहार घेऊन उभाच होता. फोरमननं ती काढून घेतली आणि वॉचमनकडे दिली. मग भिंतीवरचा मोठा कटर उतरवून वहिनींपुढे धरला. "तुमचं कुलूप. तुम्ही कापा."

कटर त्यांच्या हाताएवढा लांब होता. पहिल्या झटक्याला नुसता ओरखडा गेला. फोरमन पुढे झाला नाही. हात पाठीमागे बांधून उभा राहिला. वहिनींनी एक दांडा जमिनीला टेकवला, दुसऱ्यावर सगळा भार टाकला आणि तोंडातून जे आलं ते येऊ दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमननं मान फिरवली. कुलूप तुटलं.

मग त्यांनी लोडरवर चढून चावी फिरवली. पहिल्या फटक्यात लागला. फोरमन मान तिरकी करून बराच वेळ आवाज ऐकत राहिला. मग खाली वाकून त्यानं एकेक जोडावरून अर्ध्या बोटाचं टोक फिरवलं आणि बघितलं. कोरडं होतं. ट्रेलर फाटकाबाहेर पडल्यावर एवढंच म्हणाला, "नवीन कुलूप उद्या घ्या. किल्ली गळ्यात."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. जुडग्यात ही कसली किल्ली म्हणून तो विचारत होता. वहिनींनी सगळं सांगितलं.

"तो ओरडला तुला? आईसमोर?" नवरा चिडला. "थांब, बघतोच त्याच्याकडे."

"खबरदार काही बोललात तर," वहिनी म्हणाल्या.

सोमवारी मास्तर आले. वहिनी एका ट्रकखाली उताण्या पडल्या होत्या. गळ्यात दोरीला किल्ली होती, बॅटरीवर कोरं लाल कुलूप होतं. लंबू शेजारच्या मशीनवर एका बोल्टाला मोकळेपणानं शिव्या घालत होता. बाहेरचे बूट तेवढे वहिनींना दिसत होते: मास्तरांचे पॉलिश केलेले आणि फोरमनचे तेलकट.

"काय ठरलं?" मास्तरांनी विचारलं. "एकटीला मशीन देता येईल?"

"देता येईल."

"नक्की? स्वभाव चांगला आहे म्हणून सांगत नाही ना?"

"स्वभाव कसला घेऊन बसलात," फोरमनचा आवाज आला. "सगळ्यांसारखीच गाढव आहे. पण काम येतं."

मास्तरांचे बूट वळले. ट्रकखाली वहिनींचा पाना थांबला. डोळ्यांत तेल गेल्यासारखं झालं म्हणून त्यांनी ते बाहीनं पुसले. मग फडकी मोजली आणि पुढचा नट धरला.